जोडे कुठे काढलेत?

राजवाड्यातले दिवे, पडदे, कुलुपं, झाडलोट, सगळं दस्तगीर फरास पाहायचा. कामात चोख, तोंडाने फटकळ. यंदा दसऱ्याच्या दरबारात महाराज त्याला मानाचा विडा देणार हे कळलं, आणि दिवाण त्र्यंबकपंतांच्या अंगाचा तिळपापड झाला.

भर दरबारात पंत उठले. "महाराज, याच्या हुद्द्याचा अर्थ तरी पाहावा. अरबीत फर्श म्हणजे जमिनीवर अंथरायचं जाजम. ते अंथरतो तो फरास. ज्याचं नावच पायाखालून निघालं, त्याला विडा शोभेल काय?"

दरबार हसला. विडा घेतलेला महाराजांचा हात थबकला. दस्तगीरची नजर मात्र पंतांच्या पायांवर होती.

"अर्थ बरोबर आहे सरकार," तो म्हणाला. "फक्त पंतांनी जोडे कुठे काढले, तेवढं सांगावं."

"जाजमाच्या कडेला. का रे?"

"आणि सरकारांनी?"

"आम्हीही तिथेच," महाराज म्हणाले.

"मग झालं तर. जिथे राजासुद्धा जोडे काढून पाय ठेवतो, तिथून निघालंय माझं नाव."

महाराजांनी हसून विडा पुढे केला. दरबार उठल्यावर पंत आपल्या जोड्यांकडे निघाले, तेव्हा जाजमावर त्यांचं पाऊल जरा जपूनच पडत होतं.