काय जेवलात?

घड्याळं जन्माला यायच्या कितीतरी आधी, एका डोंगराळ राज्यात, सगुणा नावाच्या परिचारिकेची झोप उडाली होती. काळजी करण्यात तिचा हात धरणारं त्या राज्यात कोणी नव्हतं; पण या वेळी कारण खरं होतं.

ती राजाच्या रुग्णशाळेत होती. आजाऱ्यांच्या जखमा धुवायच्या, त्यांना भरवायचं, कुशीवर वळवायचं आणि वैद्यांनी ठरवलेली मात्रा वेळेवर द्यायची, हे तिचं काम. पण कारभाऱ्यांनी नवी रीत काढली. नुसती मात्रा द्यायला थोड्या पगारावर ‘मात्रावाल्या’ ठेवायच्या.

“तुझं ओझं हलकं होतंय, सगुणा,” ते म्हणाले. “मग पगार नको हलका व्हायला? नव्या पोरीला जमलं, की तुझा निम्मा.”

निम्म्यात दोन तोंडं कशी भरायची? सकाळी निघताना लहानग्या बकुळने विचारलं, “आई, जेवलीस का?”

“हो हो,” सगुणा म्हणाली. घास उतरलाच नव्हता.

त्याच दिवशी मात्रावाली आली, शेवंता. चुणचुणीत, हसरी, हात स्थिर. तिच्यात खोड सापडेना, याचाच सगुणाला राग आला.

खोड सापडली ती कोपऱ्यातल्या खाटेपाशी. तिथल्या आजोबांची मात्रा जालीम. रिकाम्या पोटी घेतली तर माणूस भोवळ येऊन पडे, कधी जिवालाही मुके.

“आजोबा, जेवलात का?” शेवंताने विचारलं.

“हो हो.”

शेवंताने मात्रेची वाटी उचलली. सगुणाला मात्र खाटेखाली भरलेलं ताट दिसलं. आता फक्त गप्प राहायचं होतं. आजोबा पडतील, पोरगी जाईल, पगार राहील. इतका वाईट विचार आपल्याला इतक्या सहज सुचला, म्हणून तीच दचकली.

“थांब गं! जेवलात का, असं विचारू नये. त्याला सगळेच हो म्हणतात. काय जेवलात, असं विचार.”

“आजोबा, काय जेवलात?”

आजोबा आढ्याकडे बघू लागले. “ते आपलं… नेहमीचंच.”

“खाटेखालचं नेहमीचं का?” सगुणा म्हणाली, आणि आजोबा लहान मुलासारखे हसले.

शेवंताने वाटी खाली ठेवली आणि ती थेट कारभाऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. घडलं ते सगळं तिने सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट.

“मात्रा मी देईन. पण ती द्यावी की थांबावं, हे सगुणाताईंना कळतं. त्यांचा पगार कापलात, तर त्या जातील. मग मला कोण थांबवणार?”

“तुझी नोकरी जाईल, हे कळतंय का तुला?”

“कळतंय. पण आजोबांचा जीव गेला असता.”

कारभाऱ्यांनी दाढी कुरवाळत पगाराचा हिशेब पुन्हा मांडला. शेवटी दोघीही राहिल्या. सगुणाचा पगार वाढला नाही, पण कापलाही गेला नाही. मात्रेतून सुटलेला वेळ ती आजाऱ्यांना घास भरवण्यात घालवू लागली, आणि खाटांखाली ताटं दिसेनाशी झाली.

शेवंता कारभाऱ्यांपुढे उभी राहिली, त्याच दिवशी संध्याकाळी सगुणाने ही सगळी हकिगत बकुळला सांगितली. शेवटी, मोठी माणसं सांगतात तसं, तात्पर्यही सांगितलं: “काम वाटून दिल्याने माणसाचं मोल घटत नाही, आपलं जाणतेपण दडवून ठेवल्याने घटतं.”

बकुळने मान डोलावली. मग आईकडे नीट निरखून बघत म्हणाली, “आई, सकाळी तू काय जेवली होतीस?”