वावळोलीच्या घाण्याची सुट्टी

वावळोली गावात जमिनीखाली एक संग्रहालय आहे. जांभ्याच्या पायऱ्या उतरून गेलं की बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची फार जुनी घरं दिसतात. समुद्राच्या वाळूनं ती कधीतरी गाडली गेली होती. भिंतीत दिव्याचे कोनाडे आहेत, तेलाचे रांजण आहेत आणि एका घराखाली तळघर आहे. त्या घराच्या अंगणात, दगडात, परातीसारखी एक गुळगुळीत खोलगट जागा आहे.

आमची सहल गेली तेव्हा एलिझरकाका वावळोलीकर आम्हाला तिथे घेऊन गेले. गावात आता उरलेलं एकमेव ज्यू घर त्यांचं. ते म्हणाले, "पोरींनो, या जागेला बैठक म्हणतात. कोणी बसू नका, ती माणसाची नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी या लोकांचं गलबत इथल्या खडकावर फुटलं. पोथ्या बुडाल्या. उरली एक प्रार्थना आणि शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा. त्या दिवशी चूल नाही, काम नाही, घाण्याच्या बैलालाही सुट्टी. गावातले बाकीचे लोक तेव्हा वार मोजत नसत म्हणे, तिथी मोजत. सातवा दिवस ठाऊक होता तो फक्त या घराला, कारण तेव्हा गावात या लोकांचं हे एकच घर होतं.

एकदा समुद्रावरून चाचे आले. गाव रानात पळालं. मिर्यम तेलीण नवऱ्याला आणि मुलांना घेऊन या तळघरात लपली. बैल मोकळा सोडला. अंधारात दिवस कुठला, रात्र कुठली? चाचे गेल्यावर सगळे वर आले, तेव्हा मोजणी हरवली होती. शेजाऱ्यांना विचारलं, तर चाचे आले ती तिथी कोणती यावर दोन घरांत तीन मतं.

नवरा म्हणाला, "आजपासून मोजू. कोणताही एक धरू."

मिर्यम म्हणाली, "आपण धरलेला दिवस देवाचा कसा होईल? पोथ्या गेल्या. हाही गेला, तर आपण कोण?"

चुकीच्या दिवशी काम होईल या भीतीनं तिनं रोजच शब्बाथ पाळला. चूल पेटेना. मुलं भिजवलेले पोहे खाऊन कंटाळली. घाणा थांबला आणि गावातले दिवे विझू लागले.

शेवटी शेजारची धाकूबाई दारात उभी राहिली. "तू बस गो सण करत! माझ्या घरात सून अंधारात ठेचकाळते." कुणाला न विचारता तिनं रानातून परतलेला बैल घाण्याला जुंपला. बैल मुकाट फिरला. तेल निघालं.

पण एका सकाळी बैल अंगणात येऊन बसला तो उठेचना. धाकूबाईनं हिरवा चारा दाखवला, शेपूट पिळली, शिव्याही घातल्या. लोक म्हणाले, आजारी पडला. गलका ऐकून मिर्यम बाहेर आली. बैल डोळे मिटून आरामात रवंथ करत होता. ती बघतच राहिली. पुढचे सहा दिवस तो नेमानं फिरला आणि सातव्या सकाळी पुन्हा तिथंच येऊन बसला.

तेव्हा मिर्यम इतकी हसली की तिला रडू आलं म्हणे. "अगो धाकू, याला माहीत होतं! आमच्यात एकटा हाच विसरला नाही!" धाकूबाईनं बैलाच्या कपाळाला तेल चोळलं, आणि संध्याकाळी आकाशात चांदण्या दिसून शब्बाथ संपल्यावर गावभर दिवे लागले. बैल मग म्हातारा होईपर्यंत दर शब्बाथला तिथंच बसत राहिला. दगड झिजला तो त्यानं, असं सांगतात.

आता गावातली बहुतेक ज्यू घरं दूर गेली आहेत. घाणा हरेश्वर भोपी चालवतात. ते आगरी आहेत आणि बैलाच्या जागी मोटार आली आहे. पण आजही शनिवारी, म्हणजे शब्बाथला, वावळोलीचा घाणा बंद असतो. आम्ही तेल घ्यायला गेलो तेव्हा आमच्यातल्या नीलांबरीनं त्यांना विचारलं, "काका, मोटार थोडीच दमते?"

भोपीकाका बाटलीला बूच लावत म्हणाले, "मोटारीचं काय नाय गो. शनिवारी बटण दाबायला माझाच हात उठत नाय."