गालिच्यावरचा चुना

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजा कोण होता, हे आता कुणालाच आठवत नाही. पण डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातला तांबट आणि त्याची बायको लोकांच्या आठवणीत राहिली. लहानांनी एकदा ऐकावी आणि मोठ्यांनी दोनदा, अशी ही त्यांची गोष्ट.

तांबटाची बायको विणकराची लेक. तिने घरासाठी लोकरीचा गालिचा विणायला घेतला, तेव्हा त्यांची रेवा नुकती चालायला लागली होती. सारखी मागापाशी लुडबुड करायची. एकदा आईने हसत हसत तिचं पाऊल मागावर टेकवलं, कोळशाने खूण केली आणि तेवढी जागा केशरी लोकरीने विणली. गालिच्याच्या एका कोपऱ्यात इवलंसं केशरी पाऊल उमटलं.

पुढच्याच वर्षी तापाची साथ आली आणि रेवा गेली. घरात तिचं म्हणून तेवढं पाऊलच उरलं. त्यावर कुणी पाय ठेवत नसे. आई केर काढताना तिथे थोडा वेळ बसे आणि मग कामाला लागे.

काही वर्षांनी तिचे वडील आजारी पडले, म्हणून ती महिनाभर माहेरी गेली. तांबटाच्या मनात आलं, ती येईपर्यंत घरावर माडी चढवू. वरून डोंगर दिसेल, तिचा जीव जरा रमेल.

गवंडी आले. त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला, "आधी खालचा गालिचा उचलून शेजारी ठेवा, मालक."

"काम वर आहे," तांबट म्हणाला. "खाली काय होणार आहे?"

एका दुपारी वर कळीच्या चुन्याचं पोतं फुटलं. फळ्यांच्या फटींतून चुना खाली गळत राहिला. तांबट घरी आला, तर सगळा गालिचा पांढराफटक. पाऊल कुठे होतं, तेही दिसेना.

तो धावत गावाबाहेरच्या म्हाताऱ्या धनगराकडे गेला. त्याचा सारा जन्म लोकरीत गेला होता.

"पाणी लावलंस का?" म्हाताऱ्याने पहिल्यांदा हेच विचारलं.

"नाही."

"मग वाचला. गालिचा उन्हात पालथा टाक, मागून हलक्या हाताने बडव. मग सरळ करून मऊ कुंच्याने झाडत बस. आठ-दहा दिवस लागतील. पण पाण्याचा थेंब लावू नकोस. हा चुना पाण्याने तापतो आणि लोकर खाऊन टाकतो."

"आठ-दहा दिवस? बाबा, ती उद्या येतेय!"

"मग बरंच झालं. दोघं मिळून झाडा."

"पण तिला सांगू काय?"

"झालं ते सांग, लेकरा. दुसरं काय सांगणार?"

तांबट घरी आला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्याने गालिचा बडवला, झाडला. दंड भरून आले, तरी विणीतला पांढरा थर हलेना. दारात उभी राहिलेली बायको त्याच्या डोळ्यांपुढे येऊ लागली. निदान तो एक कोपरा तरी ती यायच्या आत स्वच्छ व्हावा, एवढंच त्याला वाटत होतं. त्याने घागर उचलली आणि पावलाच्या जागी ओतली.

वाफ निघाली. मळ सुटतोय असं वाटून तो आणखी जोराने घासू लागला. तळहात भाजले तरी थांबला नाही. मग लोकर बुळबुळीत झाली, सुटू लागली, आणि केशरी पाऊल चिखलाच्या गोळ्यासारखं त्याच्या ओंजळीत आलं.

बायको आली तेव्हा तो तसाच बसला होता. तिने माडीकडे पाहिलंही नाही.

"गवंड्यांच्या हातून चुना पडला," तो म्हणाला.

"चुना पडला तो पडला. पाणी कुणी ओतलं?"

तांबटाची मान खाली गेली. "मी. म्हातारे धनगरबाबा नको म्हणाले होते. पण तू यायच्या आत मला ते साफ करायचं होतं. तुला कळूच द्यायचं नव्हतं."

ती गालिच्याच्या त्या कोपऱ्यापाशी खाली बसली. मग म्हणाली, "अहो, मी बसले असते ना तुमच्याजवळ. महिनाभर झाडत बसले असते. तेवढे दिवस तिच्या पावलापाशी बसायला मिळालं असतं."

तांबट ओक्साबोक्शी रडला. तिने त्याच्या भाजलेल्या हातांना तूप लावलं, पण तिला रडू आलं नाही.

उरलेला गालिचा तिने कुंच्याने झाडला. अकराव्या दिवशी त्याचे सगळे रंग पुन्हा वर आले. फक्त कोपऱ्यात भोक राहिलं. ते तिने कधी विणून भरलं नाही.

पुढे कुणी पाहुण्याने त्या भोकाबद्दल विचारलं, की ती नवऱ्याला सांभाळून घेत म्हणे, "कसर लागली, किड्यांनी लोकर खाल्ली." आणि तांबट दर वेळी म्हणे, "कसर नाही लागली. ते मी जाळलं."

तात्पर्य : चूक कबूल करायला जो लाजतो, तो ती लपवताना चुकीहून मोठं नुकसान आपल्याच हाताने करून बसतो.