खिळ्यांचा पट्टा

“म्हणजे कवटी नको, वटवाघूळ नको, खिळेही नकोत... मग मी घालायचं तरी काय?”

शर्वरीने विचारलं आत्याला, पण बघत होती ती मठातल्या भिवानाथांकडे.

धुनीपुढे बसलेला म्हातारा काही बोलला नाही. त्याने चिमट्याने एक निखारा उलटा केला आणि मग पुन्हा सुलटा केला.

म्हाताऱ्यांचं हे एक बरं असतं. उत्तर नसलं की ते गप्प बसतात आणि लोक त्याला ज्ञान म्हणतात.

कुसुमआत्याला गप्प बसण्याची सवय नव्हती. तिने सगळं गाऱ्हाणं एका दमात ओतलं. पोरीने इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं. बापाने हौसेने केलेली सोन्याची साखळी कपाटात लोळतेय आणि ही मढ्यावरचं सामान अंगावर घालून फिरतेय. उद्या चार माणसं बघायला आली तर काय दाखवायचं, ही कवटी? बाबा, तुमचं ऐकेल ती. तुम्ही फक्त एवढं काढायला सांगा.

सामान म्हणजे तीन वस्तू. कवटीची अंगठी आणि वटवाघळाची कानातली आत्याने रुमालात बांधून आणली होती, पुरावा आणावा तशी. तिसरी शर्वरीच्या गळ्यात होती. काळ्या चामड्याचा पट्टा, त्यावर बोटाच्या पेराएवढे टोकदार खिळे.

मैत्रीण मृणाल हे सगळं स्वतः बनवते. तिने विश्वासावर तिन्ही वस्तू दिल्या होत्या. एक ठेव, दोन परत कर.

शर्वरीने आजवर स्वतःहून एकही दागिना घातला नव्हता. बारशाच्या वाळ्यांपासून जे काही अंगावर चढलं ते दुसऱ्यांनी चढवलेलं. हा पहिला, तिने निवडायचा. आणि आजच निवडायचा, कारण संध्याकाळी घरी परतायचं होतं. परवा जे झालं त्यानंतर उघड्या गळ्याने त्या घरात पाय ठेवायचा नाही, एवढं तिचं ठरलं होतं.

परवा काय झालं ते आत्याला माहीत होतं. गाऱ्हाण्यात तेवढंच नेमकं आलं नाही.

“पाया पड आधी,” आत्या म्हणाली.

“नाही पडणार.”

“बघितलंत बाबा?”

भिवानाथांनी बघितलं. मग विचारलं, “रस्त्यात पारूबाई भेटली का?”

भेटली होती. तेच तर शर्वरीच्या डोक्यात गेलं होतं.

एसटीतून उतरल्यावर मठापर्यंतची वाट उसातून जाते. बांधावर खुरपणीच्या बायका न्याहारीला बसल्या होत्या आणि एकूण एक बाईच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा. कुणी जुन्या कमरपट्ट्यात खिळे ठोकलेले, कुणी टायरच्या रबरात. उसात बिबट्या आहे. तो मानेला धरतो, म्हणून पट्टा. शर्वरी जागच्या जागी थिजली. महिनाभर इंटरनेट धुंडाळून, घरातल्या कुणाच्याही सात पिढ्यांत कुणी घातलं नसेल असं काहीतरी तिने शोधलं होतं, आणि इथे लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या तेच घालून भाकरी खात होत्या.

त्यांतली पारूबाई उठून आली. शर्वरीच्या गळ्यातला एक खिळा तिने अंगठ्याने दाबून बघितला आणि मान डोलावली. शहरातली असून शहाणी दिसतेस, म्हणाली. इथं यायचं म्हणून घालूनच आलीस. बाकीच्या पोरी नुसत्या पावडरी लावून येतात. मग तिने मागच्या सालातली हकीकत सांगितली. तिच्या जावेला बिबट्याने धरलं, खिळे जबड्यात घुसले तसा ओरडत पळाला. त्या रानात पुन्हा फिरकला नाही.

“एकदा टोचलं की कळतं त्याला,” पारूबाई म्हणाली. “सांगून नाही कळत.”

सगळ्या हसल्या. शर्वरीला हसू आलं नाही. आपल्या बंडाची कुणीतरी खुरपणी केल्यासारखं तिला वाटलं.

“भेटली,” ती आता म्हणाली. “तुम्ही का नाही घालत पट्टा? रानात तुम्हीही राहता.”

“घाला म्हणून बायका मागं लागतात. मी नाही घालत.”

“आणि कानात घातलंय ते?”

भिवानाथांच्या दोन्ही कानांच्या पाळ्या मधोमध चिरलेल्या होत्या आणि त्यांत हाताच्या बांगडीएवढी जाड काळी कुंडलं.

“पोरी...” आत्या कळवळली.

“नाही, सांगू दे की. हे चालतं. हे पवित्र. मी कान चिरले असते तर मला डॉक्टरकडे नेलं असतं.”

“माझ्या गुरूनं चिरले,” भिवानाथ म्हणाले. “मी तेव्हा तुझ्याहून लहान होतो.”

“तुम्हाला विचारलं होतं?”

“नाही.”

“म्हणजे तुमच्यावरही लादलंच.”

आत्याने कानाला हात लावले. भिवानाथांनी कानातल्या कुंडलाला हात लावला, जणू ते तिथे आहे हे त्यांना आत्ता आठवलं.

“हो,” ते म्हणाले.

हे उत्तर शर्वरीच्या हिशेबात नव्हतं. भांडायला आलेल्या माणसाला दार उघडं सापडलं की तो जसा चिडतो, तशी ती आणखी चिडली. तिला उठून जावंसं वाटलं. पण बाहेर ऊस होता, त्यापलीकडे एसटी आणि एसटीच्या दुसऱ्या टोकाला बाप.

बाप म्हणजे निवृत्तीशेठ. मठावरचा पत्रा त्याच्याच कृपेचा. पत्र्यावर त्याचं नाव भिवानाथांच्या गुरूंच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात आहे. दर गुरुवारी तो गाडी काढून येतो, लोटांगण घालतो, आणि भिवानाथ त्याला उठवून छातीशी धरतात. त्या भेटीचा फोटो त्याने मोबाइलवर आपल्या नावाशेजारी लावलाय. डोळे मिटलेले, गाल साधूच्या गळ्याला टेकलेला, चेहरा लोण्यासारखा. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी त्याच चेहऱ्याने सुविचार येतो.

“खिळे कशाला?” भिवानाथांनी विचारलं.

“कुणी जवळ येऊ नये म्हणून.”

“कोण आलं?”

 आत्याच घाईने म्हणाली की कोण येणार बाबा, फॅशन आहे, दुसरं काय.

“पारूबाई पट्टा घालते ती वाकावं लागतं म्हणून,” भिवानाथ म्हणाले. “उभ्या माणसाला सहसा धरत नाही तो. खुरपायला वाकली की धरतो.”

“मी वाकत नाही.”

“ते बघितलं मी. मग तुला कशाला?”

झालं. आला मुद्द्यावर. शेवटी पत्रा बोलला, असं शर्वरीच्या मनात आलं. गोड बोलून, बिबट्याची गोष्ट सांगून शेवटी काय, तर काढ. सगळ्या म्हाताऱ्यांची वाट फिरून फिरून त्याच गावाला जाते.

“काढायचाय ना? घ्या.”

तिने मानेमागचं बक्कल ओढून सोडवलं आणि पट्टा त्यांच्या मांडीवर फेकला.

“घ्या. खुश?”

भिवानाथ पट्ट्याकडे बघत नव्हते.

धुनीतलं लाकूड तडकलं. आत्याने झटकन पुढे होऊन पोरीची ओढणी गळ्याभोवती सारखी केली. शर्वरीने ती ओढून काढली.

गळ्याच्या एका बाजूला चार डाग होते, दुसऱ्या बाजूला एक. निळे, कडेने पिवळे पडत चाललेले.



 भिवानाथ हळू म्हणाले, “बिबट्या मागून धरतो.”

त्यांनी चिमटा खाली ठेवला.

“हे पुढून आहे.”

आत्या रडायला लागली. रडता रडता तिने तेच सांगितलं जे तिने पोरीला सांगितलं होतं, आईनेही सांगितलं होतं. दादा वाईट नाही. कॉलेजचं कळलं आणि डोकं फिरलं. जेवायच्या ताटावरून उठला तो... पण लगेच सोडलं हो. बाप आहे. रागाच्या भरात होतं एखाद्या वेळी. नंतर स्वतःच जेवला नाही.

“आई काय करत होती?” भिवानाथांनी शर्वरीला विचारलं.

“पोळ्या. एक करपली, तेवढं म्हणाली ती.”

भिवानाथांनी वर बघितलं. वर पत्रा होता. ते बराच वेळ पत्रा बघत राहिले. शर्वरीला वाटलं, आता हा म्हातारा क्षमेवर बोलेल. तिने दात आवळून धरले.

त्यांनी मांडीवरचा पट्टा उचलला. पारूबाईने केलं तसं एक खिळा अंगठ्याने दाबला. अंगठ्यावर लाल ठिपका उठला. त्यांनी तो भस्मात पुसला आणि पट्टा स्वतःच्या गळ्याभोवती घेतला. दाढी मध्ये आली. ती एका हाताने वर धरून दुसऱ्या हाताने ते मानेमागे बक्कल चाचपत राहिले.

“लाव,” ते म्हणाले.

“काय?”

“मला दिसत नाही मागचं. लाव.”

शर्वरी उठली, त्यांच्या मागे गेली. सुरकुतलेली, पातळ, कोंबडीच्या मानेसारखी मान. तिची दहाही बोटं त्या मानेभोवती आली. एक भोक जास्त आवळलं असतं तर म्हातारा खोकला असता. कुणाच्या गळ्यावर आपली बोटं असतात तेव्हा तो गळा किती लहान असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“आवळतंय का?” तिने विचारलं.

“एक भोक सैल कर.”

तिने केलं.

“पण तो मैत्रिणीचा आहे,” ती म्हणाली.  “अजून माझं ठरलं नाही. तिन्हींतल्या दोन तिला परत द्यायच्यात.”

“हा मी निवडला. तुझ्या मैत्रिणीला सांग.” त्यांनी दाढी पट्ट्याबाहेर काढून सारखी केली. मग आणखी थोडी बाजूला केली, खिळे नीट दिसतील अशी. “आजवर एकही मी निवडला नव्हता.”

आत्या डोळे पुसायचं विसरून बघत होती. भगवी कफनी, कानात कुंडलं, आणि गळ्यात चकचकीत काळे खिळे. बाबा, हे काय, लोक काय म्हणतील, दादा काय म्हणेल... एवढंच तिला सुचलं.

शर्वरीने रुमाल उचलला, उघडला. कवटी आणि वटवाघूळ. एकदा हे बघितलं, एकदा ते. हात गळ्याकडे गेला, तिथे काही नव्हतं, हात परत आला.

“मग मी काय घालू?”

“तुझं तू बघ. मला दागिन्यांतलं कळत नाही.”

ते आत्याकडे वळले. मान वळवताना खिळा खांद्याला टोचला, तसे थोडे थांबले.

“हिला तुझ्या घरी ठेव. आणि निवृत्तीला निरोप दे... गुरुवारी ये म्हणावं. नेहमीसारखं कडकडून भेटू.”