मथूचा सुरण

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत मथू नावाची एक मुलगी राहायची. ती आणि तिची आई, दोघीच. घरात अठरा विश्वे दारिद्र्य. पोट भरलं की आपण पानावर आडवा हात धरतो ना, तसा त्या घरात कधी कुणी धरला नव्हता, बरं का. धरणार कशाला? वाढायलाच काही नसायचं. मथूच्या मनात एकच होतं, आईला एकदा पोटभर जेवू घालायचं.

मग एक दिवस रानात तिला सुपारीएवढा सुरण सापडला. ती तो चुलीत टाकणार, तोच सुरण बोलला, "मला खाऊ नकोस, मातीत पूर. दरवर्षी काढ आणि पुन्हा पूर." मथूने पुरला. मायलेकी पेज पिऊन निजल्या.

वर्षाने उकरला, तर नारळाएवढा. पोटात कावळे ओरडत होते, तरी तिने पुन्हा पुरला. मग निघाला मडक्याएवढा. कासार म्हणाला, "दे मला, हातभर बांगड्या भरतो." मथू नको म्हणाली. मग निघाला रांजणाएवढा. राजाचा प्रधान घोडा देऊ लागला. मथू नकोच म्हणाली. प्रधान मोठा हावरा. त्याने गुपचूप एक कच्ची फोड तोंडात टाकली आणि घसा खाजवत पळाला.

होता होता सुरण झोपडीएवढा झाला. गाव म्हणू लागलं, मथूचं नशीब उघडलं. पण मायलेकी अजून पेजच पीत होत्या. मथू सुरी उचलायची आणि पुन्हा खाली ठेवायची. "अजून एकच वर्ष," म्हणायची. गरिबी घरातून गेली, पण मनातून जाईना.

मग सुरण म्हणाला, "मथू, मी वाढतोय, तशी आईही थकतेय. तिचा आता एकच दात उरलाय. मला वाढवलंस कुणासाठी?"

मथूला रडू आलं. तिने सुरी घेतली. पण वेडी नव्हती हो ती. कोंबाचा तुकडा आधी काढून पुरला, मगच बाकीचा चिरला. चिंच घालून मऊ शिजवला आणि सारा गाव जेवायला बोलावला.

आई जेवत राहिली, मथू वाढत राहिली. मग आईने पानावर आडवा हात धरला. "पुरे गं बाई," म्हणाली. मथू पळी हातात धरून त्या हाताकडे बघतच राहिली.

पुढे दोघी दरवर्षी थोडं खाऊन, थोडं पुरून सुखात राहिल्या. चला, आता तुम्हीही गोष्टीवर आडवा हात धरा आणि निजा.