दांडा आईचा, कुंचा नवा

फार मागची गोष्ट. तेव्हा घड्याळं नव्हती, पण वेळ बरोब्बर कळायची. दिवस उगवून दुसरी घटका भरली, देवळाच्या ओवरीत पाण्यावर तरंगणारं पितळी पात्र बुडालं, पुजाऱ्याने टोल दिला, आणि नेमक्या त्या टोलाला गोजराच्या हातात तिच्या आईचा कुंचा भुरुभुरु गळायला लागला.

बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन वाचणाऱ्या आयांनो, कुंचा म्हणजे भिंतीला चुना लावायचा ब्रश. केवड्याच्या पारंब्या ठेचून ठेचून त्यांचे केस मोकळे करायचे, त्यांची जुडी बांधायची, ती दोरा आणि लाख लावून लाकडी दांड्यावर पक्की बसवायची. झाला कुंचा.

गोजराचं गाव नदीच्या वळणावर होतं. तिथे चुन्याच्या भट्ट्या होत्या आणि घरं अशी पांढरी, की तिन्हीसांजेला वाटसरूला गाव लांबूनच दिसे. दसरा जवळ आला की घरोघरी बाया पदर खोचून भिंती रंगवायला घ्यायच्या. मुलगी सासरी निघाली की आई आपल्या हातचा कुंचा तिच्या हातात द्यायची. दागिना नसला तरी चालेल, कुंचा हवाच.

त्या कुंच्याचे रिवाज मात्र कडक. तो कुणाला उसना द्यायचा नाही. एका बाईकडे एका वेळी एकच असायचा. बांधलेल्या कुंच्याची जुडी दांड्यावरून कधी सोडायची नाही, कारण कुंचा सुटला की बांधलेलं घर सुटतं, असं सगळ्या मानत. आणि केस झिजून संपले तरी 'झिजला' म्हणायचं नाही. बांगडी फुटली की आपण वाढली म्हणतो ना, तसं त्या म्हणत, "कुंचा वाढला." वाढलेला कुंचा दसऱ्याच्या आदल्या दिवशी घाटावर न्यायचा, हळद-कुंकू वाहायचं आणि दांड्यासकट नदीत सोडायचा. मग नवा घ्यायचा.

गोजराला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच तिने लग्न झाल्यापासून आईचा कुंचा चुन्यात बुडवलाच नव्हता.

कसा बुडवेल? तिची पाठवणी झाली आणि पुढच्या वर्षी आई गेली. भाऊ परमुलखात गेले, घर दुसऱ्याचं झालं. माहेर म्हणून उरला तो एवढा कुंचा. त्याच्या दांड्यावर आईच्या अंगठ्याने एक खळगा पडला होता, वर्षानुवर्षं एकाच जागी धरून धरून. गोजरा त्यात आपला अंगठा ठेवायची. आईचा अंगठा मोठा होता, कडेला थोडी जागा उरायची. त्या उरलेल्या जागेत तिला सगळं आठवायचं. ओल्या चुन्याचा वास. काम संपताना आई कुंचा झटकायची आणि मुद्दाम एक थेंब गोजराच्या नाकावर उडवायची ते. "आली बघ माझी बगळी," म्हणायची.

वापरलाच नाही तर झिजणार नाही, झिजला नाही तर नदीला द्यावा लागणार नाही. असा तिचा हिशेब. तिने कुंचा चुलीवरच्या आढ्याला टांगून ठेवला. पुढची खोली, ओटा, सगळं सासू आपल्या कुंच्याने रंगवायची. पण सुनेची खोली सुनेच्याच कुंच्याने रंगवायची असते, म्हणून ती तशीच काळवंडत राहिली.

सासूचं नाव धुरपदा. जिभेला धार होती तिच्या.

"काय गं, माहेराने कुंचा भिंतीला लावायला दिलाय की आढ्याला बाशिंग बांधायला?"

"लावते आत्या, पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी पाळणा हलायला लागेल, तेव्हा लावशील?"

आणि खरंच पाळणा हलला. गोजराला मुलगी झाली. गोरीपान, हातभर. पण काळवंडलेल्या भिंतीच्या भेगांत किडे झाले होते. एके सकाळी बघते तर पोरीच्या पाठीवर लाल गांध्या. पोर रडून रडून निळी झाली. आईचं काळीज, बायांनो, तुम्हाला काय सांगू! रात्रभर पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालतोय ना ते बघणारी जात आपली. गोजराने एक क्षण विचार केला नाही. वर चढली, आईचा कुंचा काढला, चुन्याच्या घंगाळात बुडवला.

तेवढ्यात तो टोल पडला.

धुराने केस पार ठिसूळ झाले होते. त्यात आतून कसर लागलेली. ओले होताच ते मुठीमुठीने गळले. चुन्यावर कचऱ्यासारखे तरंगायला लागले. हातात उरला दांडा आणि त्यावरचा तो खळगा.

जपून जपून तिने तो असा संपवला होता.

सासू दारात आली. घंगाळात बघितलं, सुनेच्या तोंडाकडे बघितलं. आज ती टोचून बोलली नाही. एवढंच म्हणाली, "वाढला गं. दसरा तीन दिवसांवर आहे. घाटावर देऊ, तिथल्या तिथे नवा घेऊ, आणि पोरीची भिंत पांढरी करू."

गोजराने मान हलवली. पण तिच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. केस गेलेत, दांडा कुठे गेलाय?

दुपारी ती दांडा पदराखाली घेऊन नदीकाठी गेली. केवड्याच्या बनातून पारंब्या तोडल्या, दगडावर ठेचल्या, जुडी केली आणि सुताच्या दोरीने दांड्याला घट्ट बांधली. घरी येऊन चुन्यात बुडवली. भिंतीवर पहिले काही हात झकास बसले. पण चुना तो चुना, दोरी खाऊन बसला. जुडी सटकली ती थेट मागे उभ्या असलेल्या धुरपदाच्या डोक्यावर.

"अगं मेले! मला रंगवायला घेतलंस की काय?"

गोजराला भीतीही वाटली आणि हसूही आवरेना, असं झालं. धुरपदाने केसांतला चुना पुसता पुसता दांड्याकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला.

"बांधलेला कुंचा सोडलास? घरात पाळणा आहे गं. काही कळतं का तुला?"

आता मात्र गोजराने पाळण्यातली पोर उचलून उराशी घेतली. त्या रात्री पोर जरा कण्हली तरी तिला वाटायचं, आपण बांधलेलं सोडलं म्हणून तर नाही? उठून दांडा नदीत टाकून यावा असं कितीदा मनात आलं. मग अंगठा त्या खळग्यात जायचा, आणि टाकवेना.

पहाटे ती दळायला बसली. जातं फिरवताना खुंटा सैल झाला, गरागरा हातातच फिरायला लागला. सासू चुलीपाशी होती. ती मागे न बघताच म्हणाली, "पाण्याचा हात लाव त्याला. लाकूड फुगलं की बसेल."

गोजराने खुंट्यावर पाणी शिंपडलं. थोड्या वेळात खुंटा असा पक्का बसला की हलेना.

जातं थांबलं. गोजरा त्या खुंट्याकडे बघतच राहिली. ह्या घरात किती खुंटे बदलले असतील! एक झिजला की दुसरा ठोकला. पण जातं? जातं आजेसासूच्या वेळचं. खुंटा गेला म्हणून जातं कुणी नदीत टाकलं नाही.

दिवस वर यायच्या आत ती सुताराच्या दारात उभी.

"सुतारदादा, या दांड्याच्या टोकाला घर पाडून द्या, म्हणजे जुडी बसायला भोक. जात्याच्या खुंट्याला असतं तसं. जुडीला मी लाकडी मान करते, ती मान या घरात बसेल."

सुताराने दांडा उलटसुलट करून बघितला. "आणि चुन्यात पडली म्हणजे?"

"चुन्यात ओली होईल, ओली झाली की फुगेल, फुगली की धरून ठेवेल. काम झालं, उन्हात वाळवला, की आपोआप सैल. टिचकी मारली की बाहेर. नवी बसवायची."

"डोकं आहे तुला. तुझा नवरा भट्टीवर का राबतो, त्याच्या जागी तूच जा की." सुतार हसला. मग गंभीर झाला. "पण वहिनी, लाकूड जुनं आहे. घर पाडताना चिरलं तर मला बोल लावायचा नाही. आधी साध्या काठीवर करून बघू?"

काठीवर करून बघितलं. पहिली मान फार घट्ट झाली, फुगली आणि काठीच फुटली. गोजराने आईचा दांडा चटकन पदराखाली घेतला. मान जरा बारीक केली, घराच्या तोंडाशी सुताराने तांब्याचं वळं बसवलं. ह्या वेळी काठी शाबूत राहिली.

"आता आईचा दांडा दे," सुतार म्हणाला.

गोजराच्याने देववेना. टाकला तर नदीत जाईल, दिला तर कदाचित चिरेल, आणि आढ्याला ठेवला तर कसर खाईल. ठेवून तर एकदा बघितलंच होतं. तिने खळग्यात अंगठा ठेवला, एकदाच, आणि दांडा पुढे केला.

सुताराची पटाशी चालत होती तोवर ती उंबऱ्यावर पाठ करून बसली होती. एकेक ठोका तिला आपल्या छातीवर वाजत होता. शेवटी आवाज थांबला.

"बघ बघ, चिरला नाही," सुतार म्हणाला. "बघ की इकडे!"

दुसरा दिवस म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. घाटावर साऱ्या बाया जमल्या. हळद-कुंकवाची ताटं, वाढलेले कुंचे, लेकरांचा गोंगाट. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, तिला सगळे मोठी आजी म्हणत, ती वरच्या पायरीवर बसून एकेकीचा कुंचा बघून नदीला द्यायला लावत होती.

गोजराची पाळी आली. तिने फक्त घंगाळातून वेचून ठेवलेले जुने केस पाण्यात सोडले. दांडा हातातच ठेवला.

"दांडा?" मोठी आजी म्हणाली.

"दांडा ठेवते, आजी. त्याला नवी जुडी बसवलीय."

घाटावर एकदम कुजबुज झाली. "बांधलेला कुंचा सोडला बाई हिने!" "पाळण्यात पोर आहे, आणि हे?" "लाडाची आई हिलाच होती जणू!"

मोठ्या आजीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पोरी, वाढलेला कुंचा घरात ठेवत नाहीत. दे नदीला."

 गोजरा दांडा छातीशी धरून एक पायरी मागे सरली.

तेव्हा मागून धुरपदा पुढे आली. सगळ्यांना वाटलं, आता ही सुनेच्या हातातून दांडा हिसकावणार.

"मोठ्या आजी," धुरपदा म्हणाली, "रोज रात्री झोपताना तुम्ही दिवा वाढवता की नाही?"

"वाढवते. मग?"

"वात जळून संपली की समई नदीत टाकता का?"

मोठ्या आजीने नाही म्हणून मान हलवली.

"वात नवी घालता. समई तुमच्या सासूचीच आहे अजून. मी बघितलीय." धुरपदाचा आवाज आता बारीक झाला होता. ती नदीकडे बघत होती. "माझ्या आईच्या दांड्यावरही असा खळगा होता. मी तरुण होते, इथेच, ह्याच पायरीवरून दिला. बराच वेळ तरंगताना दिसला. मग वळणावरून गेला. मला आता आईचा चेहरा नीट आठवत नाही, बायांनो. दांडा आठवतो."

 एका बाईने पाण्यात सोडायला धरलेला आपला कुंचा हळूच मागे घेतला. मग दुसरीने.

मोठ्या आजीने गोजराचा दांडा मागून घेतला. जुडीला टिचकी मारली, ती सुटून ओंजळीत आली. परत बसवली. मग तिची सुरकुतलेली बोटं दांड्यावरून फिरत फिरत खळग्याशी थांबली. "रंगव बाई तुझ्या पोरीची भिंत," एवढंच ती म्हणाली. "आणि सुताराला माझ्याकडे धाड."

त्या संध्याकाळी पाळण्यामागची भिंत पांढरीशुभ्र झाली. काम संपताना गोजराने कुंचा झटकला, आणि एक थेंब नेमका पोरीच्या नाकावर पडला. पोर दचकली, मग खुदकन हसली. सुनेकडून कधीतरी ऐकलेलं आठवून धुरपदा दारातून म्हणाली, "आली बघ, बगळी," आणि गोजरा हातातला कुंचा तसाच धरून कितीतरी वेळ रडली.

पुढे त्या गावात रिवाज बदलला. नदीला फक्त झिजलेली जुडी द्यायची, दांडा आईकडून लेकीकडे. गोजराच्या लेकीच्या पाठवणीला तोच दांडा निघाला. तोवर खळगा आणखी खोल झाला होता. एका आईच्या अंगठ्यात दुसऱ्या आईचा अंगठा मुरला होता. लेकीने त्यात आपला अंगठा ठेवला, कडेला थोडी जागा उरली.

बोध एवढाच: जे झिजतं तेवढंच बदलावं आणि जे जपायचं ते रोज वापरून जपावं.

तुमच्या शेजारी एखादी लेकुरवाळी असेल, आईची वस्तू कपाटात कोंडून बसलेली, तर तिला ही गोष्ट आजच सांगा. आणि तिलाही म्हणावं, पुढच्या दारी सांग.