सोडलेले झेल

अरे, ते हातातलं ठेव आणि आधी ऐक काय झालं ते.

एका खाडीकाठच्या गावात विटीदांडूचा संघ होता. साधासुधा नाही, गड्यांना खेळायचा पगार मिळायचा. त्यात एक गडी होता, त्याला सगळे झेल्याच म्हणायचे. विटी उडाली की ती त्याच्याच हातात. मग बांधावरच्या कोळणी टोपल्या बडवून नुसता दंगा करायच्या.

पण त्या मुलखाची रीत अशी, की जत्रेत संघ एकमेकांचे गडी बदलून घ्यायचे आणि नारळ फोडून व्यवहार पक्का करायचे. कप्तानाला हवा होता लांब टोलवणारा. त्याने डोंगरावरच्या संघाचा टोल्या घेतला आणि झेल्याला देऊन टाकलं.

डोंगरावर सगळं धुकं. लोक घोंगडी पांघरून खेळ बघायचे. कसलाही भारी झेल घ्या, म्हणायचे, "बरंय." बस. झेल्याला जेवताना खाडीचा खारा वास आठवायचा आणि घास तोंडातच फिरत राहायचा.

मग त्याच्या डोक्यात आलं, आपण चांगले खेळतो म्हणून हे आपल्याला ठेवणार. वाईट खेळलो तर पुढच्या जत्रेत स्वतःच परत पाठवतील. झालं, पठ्ठ्या सोपे सोपे झेल सोडायला लागला.

"काय रे, हाताला लोणी लावून येतोस का?" डोंगरावरचा पंच म्हणाला.

"थंडीने बोटं आखडतात, बाबा."

तिकडे खाडीवर टोल्या टोलवायचा खरा, पण झेलायला कोणीच नाही. संघ हरत सुटला. कप्तान पस्तावला. झेल्याला परत आणायचं ठरवून जत्रेच्या आदल्या दिवशी डोंगर चढला आणि घोंगडी पांघरून गर्दीत बसला. गडी मागण्याआधी असं गुपचूप बघून घ्यायचीही रीतच होती.

विटी थेट झेल्याच्या छातीवर आली. त्याने मुद्दाम हात उशिरा पुढे केले. पडली. पुढचीही पडली.

"हा असाच खेळतो?" कप्तानाने शेजाऱ्याला विचारलं.

"हल्ली असाच. हवाय का? घेऊन जा की."

कप्तान घोंगडी झटकून उठला. जत्रेत त्याने तिसऱ्याच गावचा गडी घेतला.

झेल्या धावत आला. "कप्तान, मी मुद्दाम सोडत होतो. मला घरी यायचं होतं."

"अरे, मी तुलाच न्यायला आलो होतो. आता नारळ फुटला रे."

बैलगाडी खाडीच्या वाटेला लागली. धूळ खाली बसेपर्यंत झेल्या तिथेच उभा होता. मग एकटाच डोंगर चढायला लागला.

तात्पर्य म्हणशील तर एवढंच: मन कुठेही अडकलेलं असू दे, हातातलं काम वाईट करून तिथे पोचता येत नाही.

पण खरं सांग, घरची एवढी आठवण येत असताना तू तो झेल घेतला असतास?